शेवटच्या पानाच्या मागे

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर बेयाने दलंदाला गाठलं. बेया आईची शेजारीण. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजात काढलेली, त्यामुळे जिन्यातसुद्धा ती असं बोलते की जणू पलीकडचा माणूस दूर गाबेसला आहे आणि लाइन खराब आहे. "संपलं गं काल तुझं पुस्तक!" ती ओरडली. "चारशे बारा पानं. रोज दुपारी दहा-दहा वाचली. तुझ्या आईने एक ओळ गाळू दिली नाही. तळटिपासुद्धा वाचायला लावल्या मला, आकड्यांसकट." दलंदाच्या हातात बाकल्याच्या शेंगांची पिशवी होती. ती तिने भिंतीला टेकवली आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग? आवडलं का तिला?" बेयाने आवाज खाली आणला, म्हणजे आता पलीकडचा माणूस निदान सफाक्समध्ये, याच शहरात होता. "काय सांगू तुला. शेवटचं पान वाचलं, मिटलं पुस्तक. तर म्हणते, उलट की पान. म्हटलं, खाला मन्नूबिया, संपलं, आता पान नाही. तर म्हणते, मागे बघ. मागे काय? पुठ्ठा. पुठ्ठ्यावर तुझा फोटो नि छापखान्याचं नाव. म्हणाली, ते वाच. वाचलं. मग म्हणाली, ‘बरं.’ आणि उठून नारिंगाची फुलं निवडायला बसली."

तो ‘बरं’ दलंदाबरोबर उरलेल्या सतरा पायऱ्या चढला. आईचे शब्द असेच. तोंडातून बाहेर पडताना त्यांचं वजन कळत नाही, मग चार पावलं चालल्यावर खांद्याला कळतं. दार नेहमीप्रमाणे उघडंच होतं. आत तांब्याच्या भट्टीवर फुलांचं पाणी उतरत होतं, आणि सगळ्या घराला असा वास येत होता की आजारी माणसालाही लग्नाची आठवण व्हावी. मन्नूबिया जमिनीवर पाय पसरून बसली होती. ऐंशी वर्षांची बाई, पण पाय अजून शाळकरी मुलीसारखे सरळ समोर ताणलेले. "आलीस? शेंगा कोवळ्या आणल्यास ना? मागच्या वेळच्या दातात अडकल्या." पुस्तकाचं नाव नाही. दलंदा समोर बसली, शेंगा सोलू लागली. पुस्तक कोपऱ्यात होतं. बरणीवर पालथं ठेवलेलं. तिची नजर तिकडे गेलेली बघून आई म्हणाली, "चांगलं जड आहे. लिंबं मिठात दाबून ठेवायला असं वजन मिळत नाही." हे बोलताना तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं; टोमण्याला उत्तर देता येतं.

पुस्तक सी लमीन दर्रास यांचं चरित्र होतं; ‘सी’ म्हणजे इथलं ‘श्रीयुत’. या शहरात मुलींसाठी पहिली शाळा काढणारा माणूस. सरकारी पाहुण्यांना दाखवतात तो पुतळा. पुतळ्याखाली दोन तारखा. दलंदाने नगरपालिकेच्या दप्तरखान्यात एकतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं या माणसाच्या मागे लागण्यात घालवली. ट्युनिसहून प्राध्यापक सी शादली यांनी मजकूर तपासला होता. ते फार सभ्य गृहस्थ. एखादी गोष्ट खोडायची असली की आधी ती किती छान आहे हे सांगायचे, मग चष्मा काढून पुसायचे आणि विचारायचे, "पण कागद कुठाय, दलंदा?" कागद नसलेल्या गोष्टी तिने एकेक करून कार्डांवर उतरवल्या आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या. त्रेसष्ट कार्डं. पुस्तक छापून आलं त्या दिवशी तिने तो डबा कपाटाच्या वर ठेवला, आणि का कोण जाणे, पुस्तकापेक्षा तो डबा तिला उबदार लागला, आत काहीतरी जिवंत झोपलेलं असावं तसा.

शेंग सोलताना अंगठ्याच्या नखात हिरवं शिरत होतं. आत्ता, या घटकेला, तिला ती कार्डं दिसत होती. पहिलंच ऑक्टोपसचं. एका बागेतल्या घरात, बदामाच्या झाडाखाली, एक म्हातारी विद्यार्थिनी सांगत होती आणि हसता हसता तिची कवळी हातात आली होती. सी लमीन अपूर्णांक शिकवायला सुकवलेला ऑक्टोपस घेऊन वर्गात आले. दोरीवर टांगला. म्हणाले, पोरींनो, याला आठ पाय, म्हणजे एक पाय हा किती? सगळ्या ओरडल्या, एक अष्टमांश! शेवटच्या बाकावरची एक कोळ्याची मुलगी उठली. म्हणाली, "सीदी, हा सप्तमांश आहे. याचा एक पाय कुणीतरी खाल्लाय." सी लमीननी मोजले. खरंच सात. आणि कानापर्यंत लाल होऊन म्हणाले, "रात्री भूक लागली होती." त्या दिवसापासून ती शाळा सप्तमांश आधी शिकली. आता याला कुठून आणायचा कागद? आणि ते वाळवंटातल्या ठाण्यातलं कार्ड. पहारेकऱ्याच्या मुलाने सांगितलेलं. फ्रेंचांनी सी लमीनना दक्षिणेत नेऊन ठेवलं, तिथे करायला काही नाही, तर ते वाळूत घरं पाडून खजुराच्या बियांनी पहारेकऱ्यांशी खरबगा खेळायचे. हरणाऱ्याने एक अक्षर गिरवायचं, अशी अट. सी लमीन कधी हरले नाहीत. अकरा महिन्यांत सात शिपाई वाचायला शिकले, आणि त्यातल्या एकाने पहिलं पत्र घरी लिहिलं ते असं: ‘इथला कैदी फार लबाड आहे.’ पुस्तकात त्या अकरा महिन्यांना दोन परिच्छेद होते. पाण्याची टंचाई, तापमान, तीन अर्ज, त्यांचे जावक क्रमांक.

आणि डब्यात एक कार्ड नव्हतंच. ते तिने कधी लिहिलं नव्हतं.

ती गोष्ट या घरात लहानपणापासून होती, जशी घरात पितळेची परात असते. आई मागावर बसायची, कांबळं विणायची, तिन्ही मुलं तिच्याभोवती, आणि धोटा इकडून तिकडे जायचा त्या तालावर ती सांगायची. सी लमीनना पकडायला पोलीस आले होते. गल्लीच्या दोन्ही तोंडांना पहारा. तेव्हा बारा वर्षांच्या मन्नूबियाने त्यांना आजीची सफसारी गुंडाळली, ती पांढरी चादर डोक्यापासून पायापर्यंत, आणि हात धरून, म्हातारी आजी म्हणून, थेट बाब दीवानच्या वेशीतून पोलिसांच्या नाकासमोरून बाहेर काढलं. आणि पोलीस म्हणाला, "पोरी, आजीला जपून ने, दगड आहेत." इथे मुलं लोळायची. मग बारा वर्षांच्या दलंदाने शाळेत ‘आमच्या गावचा थोर पुरुष’ या निबंधात हे सगळं लिहिलं आणि वर्गात उभं राहून वाचलं. दुसऱ्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, "आणि मिशी?" एवढंच. आणि मिशी? वर्ग हसला. बाई हसल्या, प्रेमानेच हसल्या, म्हणाल्या, दलंदा, कल्पनाशक्ती छान आहे, पण सी लमीनना त्यांच्या राहत्या घरी अटक झाली, हे पुस्तकात आहे. कानांच्या पाळ्यांना लागलेली ती आग तिला आत्ताही आठवत होती, या वयात, या शेंगांवर वाकलेलं असताना. त्या दिवशी घरी येऊन, दप्तर न काढता, ती आईला म्हणाली होती, "तू खोटं बोलतेस." मागाचा आवाज थांबला होता. आई म्हणाली होती, "बरं." आणि मग माग पुन्हा सुरू झाला होता. त्यानंतर ती गोष्ट या घरात कुणी सांगितली नाही.

दलंदाच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला वाटलं, मी अकरा वर्षं गावोगाव फिरले. बहिऱ्या म्हाताऱ्यांच्या कानात ओरडून प्रश्न विचारले. एका माणसासाठी दोनदा केरकेनाच्या बेटावर बोटीने गेले आणि दोन्ही वेळा उलट्या केल्या. आणि दर शुक्रवारी इथे येऊन जेवले, ताट चाटूनपुसून खाल्लं, आणि या बाईला एकदाही विचारलं नाही. उलट पुस्तक आणून तिच्या मांडीवर ठेवलं. ती रोज दहा पानं ऐकत होती. चाळीस दुपारी. आज नाही आलं, उद्या येईल. तळटिपांत असेल. पुठ्ठ्यावर असेल.

तिने हात पुसले, पिशवीतून वही काढली. "उम्मी," ती म्हणाली, आणि आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. "मला ती सफसारीची गोष्ट सांग. मी लिहून घेते."

मन्नूबियाने वर पाहिलं. फुलं निवडणारी बोटं थांबली. "लिहून? म्हणजे त्या सगळ्यांकडून घेतलंस तसं?"

"तसंच."

"मग थांब." ती उठली. आत गेली. बराच वेळ पेटीचा, कपाटाचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्याला लाल रुमाल होता आणि कानांत लग्नातल्या सोन्याच्या रिंगा. जमिनीवर न बसता ती पाहुण्यांच्या खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवून, फोटोला बसतात तशी. "आता विचार. त्यांना विचारायचीस तसंच विचार. मी तुझी आई नाही."

दलंदाने घसा साफ केला. "आपलं पूर्ण नाव?"

"अगं माझ्या..." मन्नूबियाला हसू आवरेना, रिंगा हलू लागल्या. "बरं, लिही. मन्नूबिया बिन्त सालेम. घर सी लमीनच्या शाळेच्या पाठीला पाठ. आमच्या गच्चीवरून त्यांच्या गच्चीवर ढांग टाकता यायची. जून महिना. मी त्या शाळेत होते."

पेन थांबलं. "कुठे होतीस?"

"शाळेत. पहिल्या वर्गात. उशिराच घातलं होतं, म्हणून बारा वर्षांची घोडी सहा वर्षांच्या पोरींत बसायचे. आठ महिने झाले होते. ‘नून’पर्यंत पोचले होते मी." तिने हवेत बोटाने एक वाटी काढली आणि तिच्यावर एक ठिपका ठेवला. "त्यांना धरून नेलं, शाळेला कुलूप लागलं, बाबांनी मला मागावर बसवलं. मग अक्षरं गेली गं हळूहळू. नून तेवढा राहिला. तुम्हाला काय सांगायचं होतं त्यात? शाळेत गेलेली बाई आणि वाचता येत नाही, त्यापेक्षा गेलेच नाही म्हटलेलं बरं."

दलंदाला हे लिहिता आलं नाही. तिच्या पुस्तकात परिशिष्ट होतं, शाळेच्या पहिल्या मुलींच्या नावांचं, पण पहिल्या वर्गाचं रजिस्टर सापडलं नव्हतं. ‘अनुपलब्ध’ असं तिनेच तिथे लिहिलं होतं. अनुपलब्ध समोर खुर्चीवर बसली होती, लाल रुमाल बांधून.

"पुढे लिही की," अनुपलब्ध म्हणाली. "त्या दिवशी मोठ्या सहा मुलींची सरकारी परीक्षा होती. वेशीबाहेरच्या फ्रेंच शाळेत. सहाही जणींचे बाप म्हणाले होते, सी लमीन स्वतः दाराशी बसणार असतील तर पाठवतो, नाहीतर नाही. आणि सकाळी उजाडतंय तोच बातमी आली की पोलीस निघालेत. ते गच्चीवरून आमच्याकडे आले. माझ्या आईला म्हणाले, मला पळायचं नाही, बाई. मला फक्त दुपारपर्यंत वेळ पाहिजे."

"म्हणजे ते पळून गेले नाहीत?"

"कुठे पळणार? पण पोरांना काय सांगायचं, तो परीक्षेच्या दाराशी बसायला गेला? पोरांना पळालेलाच माणूस आवडतो. म्हणून मी तेवढंच सांगायचे." तिने रिंग सारखी केली. "आईने सफसारी गुंडाळली. माझी आजी म्हणजे एवढीशी, तेलाच्या बुधल्याएवढी. तिच्या चपला त्यांच्या पायात कशा जाणार? अर्धी टाच बाहेर. म्हणाले, असू द्या. मी हात धरला. हात घामाने ओला होता. तेव्हा मला कळलं की मोठी माणसंही घाबरतात. आणि मिशी..." ती थोडी पुढे झुकली. "चव्वेचाळीस वर्षं झाली तुला हे सांगायचं राहिलंय. सफसारीचा काठ दातांत धरतात बायका. दातांत धरला की मिशी झाकते. त्या तुझ्या दुसऱ्या रांगेतल्या मुलीला सांग."

दलंदाच्या डोळ्यांत पाणी आलं की हसू, हे तिला स्वतःला कळेना. म्हणजे आईला माहीत होतं. निबंध, मिशी, दुसरी रांग, सगळं. कुणीतरी सांगितलं असणार आणि तिने ‘बरं’ म्हणून ठेवून दिलं असणार. "आणि पोलीस काय म्हणाला?"

"काहीच नाही! तो मासेवाल्याशी भांडत होता. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही मेल्याने. ते ‘जपून ने’ माझं. ते खोडून टाक."

ती लिहीत गेली. आणि लिहिताना, पेनाच्या टोकाशी, दप्तरखान्यातला एक पिवळा कागद तिच्यासमोर आला, पोलिसांचा पंचनामा. ‘दुपारी चार वाजता राहत्या घराच्या उंबऱ्यावर बसलेला आढळला. सकाळपासूनच्या अनुपस्थितीचा खुलासा केला नाही. प्रतिकार केला नाही. दोन्ही टाचा सोललेल्या.’ ती शेवटची ओळ तिने नकलून घेतली होती आणि पुस्तकातून वगळली होती, कारण तिचा कशाशी संबंध लागत नव्हता. सी शादली म्हणाले होते, बारकावा छान आहे, पण याने सिद्ध काय होतं? ती मोठ्याने हसली. इतक्या मोठ्याने की भिंतीपलीकडून बेयाने विचारलं, काय झालं. "टाचा!" दलंदा ओरडली. "काही नाही गं, टाचा!"

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" आई म्हणाली. "कारण खरी गोष्ट पुढेच आहे. पण ती तावूसला कळता कामा नये."

तावूस म्हणजे दलंदाची आत्या. बापाची धाकटी बहीण, सत्तर वर्षांची, नातेवाइकांतल्या कुणाची कुणाशी सोयरीक कशी जमली याचं चालतंबोलतं दप्तर.

"परीक्षा चालू झाली. बाहेर तुतीचं झाड होतं, त्याखाली बायका बसलेल्या, आपापल्या मुलांची वाट बघत. आम्ही जाऊन बसलो. शेजारी एक बाई. तिचा मुलगा आत होता, पलीकडे मुलांची परीक्षा होती ना. तिने पदरातल्या बिया पुढे केल्या. सी लमीननी बोटांनी दोन घेतल्या, पण खाणार कशा, दातांत काठ! तशाच मुठीत धरून बसले. ती बाई बोलघेवडी. माझ्याकडे बघतेय, बघतेय, मग त्यांना आजीबाई समजून म्हणते, ‘हाज्जा, नात तुमची का? डोळे चांगले आहेत हो. माझा एकच मुलगा आहे, आत बसलाय, हुशार आहे, जरा बुटका आहे पण वाढेल. पोरीसाठी शब्द द्या मला.’"

"आणि?"

"मी घाबरून सी लमीनकडे बघितलं. त्यांच्या खांद्यांचं काय चाललंय मला कळेना. रडतायत की काय. हसत होते, अगं! दातात कापड धरून माणूस हसला की गदागदा हलतो. मग बारीक आवाज काढून, बकरी बोलल्यासारखा, म्हणाले, ‘सहा वर्षांनी या. आधी पोरीचं शिक्षण होऊ द्या.’ आणि आमच्या गल्लीचं नाव सांगितलं. घराची खूणसुद्धा सांगितली, दारावर निळा मासा."

वहीवर उन्हाचा तुकडा आला होता. दलंदाने पाहिलं, आई आता फोटोतल्यासारखी बसली नव्हती; पाय पुन्हा सरळ ताणले गेले होते, खुर्चीतच, हवेत.

"सहा वर्षांनी, युद्ध नुकतंच वरून गेलं होतं, निम्म्या भिंती पडलेल्या, आणि दार वाजलं. तीच बाई. खदूजा. तुझी आजी."

दलंदाने पेन खाली ठेवलं.

"बाबा?" दलंदा म्हणाली. "तो बुटका मुलगा म्हणजे बाबा?"

"वाढला मग थोडा," मन्नूबिया म्हणाली. "खदूजा आत आली नि पहिलं विचारते, हाज्जा कुठे आहेत, त्या उंच? शब्द त्यांनी दिलाय. माझी आई म्हणजे हजरजबाबी. डोळे पुसून म्हणते, गेल्या हो, केरकेनाला गेल्या होत्या तिथेच गेल्या, तिथेच पुरलं. आणि माझी खरी आजी, बुधला, आतल्या खोलीत लोकर विंचरत बसलेली! तिला त्या दिवसापासून सगळ्यांनी केरकेनाची मावशी केलं. बिचारी पुढे नऊ वर्षं मावशी म्हणून जगली. मजेत जगली; म्हणायची, आजीपेक्षा मावशीला मान जास्त आहे."

"पण सांगायचं ना आजीला खरं!"

"काय सांगू? तुमच्या मुलासाठी मला ज्याने शब्द दिला तो माझ्या घरचा नव्हता, बाई नव्हता, आणि पोलिसांना पाहिजे होता? खदूजा शब्दाची बाई. शब्दच खोटा निघाला तर लग्न कसलं उरलं? आधी भीती होती म्हणून नाही सांगितलं, मग सवय झाली. लग्नाला सी लमीन आले होते, तोवर सुटलेले. पुरुषांच्या पंगतीत बसलेले. खदूजा दाराच्या फटीतून बघून म्हणते, ‘या गृहस्थांचे डोळे कुठेतरी पाहिलेत मी.’" मन्नूबियाने हातांनी तोंड झाकलं. "मला वाटलं होतं, सफसारीपुरतं तरी येईल तुझ्या पुस्तकात. बाकीचं मग मी तुझ्या कानात सांगितलं असतं."

दलंदा उठली आणि आईच्या पायांपाशी जमिनीवर बसली. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची ती तीन शब्दांची शिवी परत कशी घ्यायची हे तिला सुचेना. शेवटी तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि लाल रुमालवाली, रिंगावाली ती मुलाखत देणारी बाई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "लिहून झालं का सगळं? नसेल तर परत सांगते. पहिल्यापासून सांगू?"

पुढच्या शनिवारी दुपारी नगर वाचनालयात पुस्तकावर बोलायचा कार्यक्रम होता. बेयाने हातात फोन घेतला होता म्हणजे काय विचारता. तीस माणसांच्या खोलीत ऐंशी माणसं आली. सी शादली ट्युनिसहून आले होते, पहिल्या रांगेत, चष्मा पुसत. दलंदाने दोन पानं वाचली. स्वतःचाच आवाज तिला वाळूसारखा कोरडा लागला. तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "या पुस्तकात त्रेसष्ट गोष्टी नाहीत, कारण त्यांचा कागद मिळाला नाही. चौसष्टावी मी विचारलीच नव्हती. ती माझी आई सांगेल." सी शादलींचा हात चष्म्यावर थांबला. मन्नूबियाला दलंदाने आणि बेयाने धरून पुढे आणलं. तिने माइक बाजूला सारला, मागावर बसल्यासारखी बैठक मारली आणि सुरुवात केली. गच्ची, चपला, ओला हात. वेशीतला पोलीस मासेवाल्याशी भांडू लागला तेव्हा पहिलं हसू फुटलं. बियांपर्यंत येताना मागची माणसं खुर्च्यांवर उभी होती.

आणि मग ती थांबली.

का, ते दलंदाला कळलं. तिसऱ्या रांगेत, काळ्या रुमालात, पर्स मांडीवर घट्ट धरून, तावूस आत्या बसली होती. आईला ती आत्ताच दिसली होती. इथे गोष्ट संपवता आली असती. मुली पास झाल्या, सी लमीन परत येऊन उंबऱ्यावर बसले, टाळ्या. दलंदाने आईकडे बघून मान हलवली, की पुरे, इथेच थांब. मन्नूबियाने तिच्याकडे पाहिलं, मग तावूसकडे पाहिलं, बराच वेळ, जसा माणूस थंड पाण्यात उतरायच्या आधी पाण्याकडे बघतो. "आणि त्या झाडाखाली," ती म्हणाली, "माझ्याशेजारी खदूजा बसली होती. तावूसची आई."

पुढचं तिने तावूसलाच सांगितलं. खोलीत दुसरं कुणी नसल्यासारखं. शब्द मागितला तो, बकरीचा आवाज, निळा मासा, सहा वर्षं. लोक हसत होते, पण एकेक जण तावूसकडे बघून गप्प होत होता. सांगून झालं. तावूस उठली. तिचा चेहरा दगडासारखा होता.

"मन्नूबिया," ती म्हणाली. "तुझ्या लग्नापासून माझी आई हे करत आली, आणि मरताना तिने माझ्याकडून वचन घेतलंय. दर ईदला, नमाजानंतर, आधी आपल्या माणसांसाठी आणि मग तुझ्या त्या उंच आजीसाठी फातिहा पढायची. कबर केरकेनाला आहे म्हणून तिकडे तोंड करून! बासष्ट वर्षं आमचं अख्खं घर समुद्राकडे तोंड करून फातिहा पढतंय. सुना पढतात. नातवंडं पढतात. आणि तू म्हणतेस ती आजी नव्हतीच?"

सी शादलींनी चष्मा हातातच धरला होता. मन्नूबियाने रुमाल सारखा केला, पाय सरळ समोर ताणले आणि अगदी शांतपणे, नणंदेला पीठ किती घ्यायचं ते सांगावं तसं म्हणाली, "वाया नाही गेली गं तावूस. वेष बदलला म्हणून काय झालं, माणूस तोच होता. त्यालाच पोचली असणार, सगळीच्या सगळी."

तावूसने तोंड उघडलं. मिटलं. मग तिच्या हातातली पर्स हलू लागली, मग खांदे, मग ती मटकन खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी गुडघे बडवत हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहतंय, रुमाल सुटलाय आणि ती मध्येमध्ये श्वास घेऊन कसंबसं म्हणतेय, "सी लमीनला! हाज्जा म्हणून! बासष्ट वर्षं!" आणि तिच्यामागून ती सगळी खोली.